वाफसा यायच्या आधी

भात कापून झालं की आमच्या भुकूमला दोन-चार दिवस एक वेगळाच वास येतो. कापलेल्या भाताच्या बुडख्यांचा, ओल्या पेंढ्याचा आणि कुठेतरी बांधावर पेटवलेल्या पालापाचोळ्याचा. इमारती आता इतक्या झाल्यात की खाचरं शोधावी लागतात, आणि सिमेंट कालवणाऱ्या यंत्राची घरघर सकाळी चहाच्या आधीच सुरू होते. पण वासाला बिल्डरची परवानगी लागत नाही. तो सहाव्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत येतो आणि मी कपडे वाळत घालता घालता हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहते. समोरचा डोंगर अर्धा धुक्यात गेलेला असतो. उरलेला अर्धा थोडा ओळखीचा वाटतो, थोडा परका.

मी मूळची ज्वारीच्या मुलखातली, नगरकडची. आमच्याकडे भात सणाला व्हायचा, नाहीतर आजारी माणसाला. त्यामुळे हा वास मला लहानपणाकडे नेत नाही. तो नेतो काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामाकडे. तो हंगाम मी मुठा खोऱ्यातल्या एका घराच्या ओट्यावर बसून काढला. कागदोपत्री त्याला क्षेत्रकार्य म्हणतात. मी बहुतेक वेळ नुसती बसलेच होते.

त्या वर्षी श्रावणात इथून काही तासांवरच्या एका शहरात, भर बाजारात स्फोट झाला. कुणीतरी मुद्दाम ठेवलेला. त्या बाजाराचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की वाचणारा त्या दिवसाकडे बघायला लागतो आणि मला सांगायचंय ते नंतरच्या दिवसांचं.

मी समाजशास्त्र शिकवते. स्फोटानंतर काही दिवसांतच आमच्याकडे एक पत्रक आलं. अशा हल्ल्यानंतर माणसांचं, घरांचं, शेजाराचं काय होतं याच्या अभ्यासासाठी तातडीचा निधी. त्यात 'नाशवंत माहिती' असा शब्द होता. लोकांच्या आठवणी बदलायच्या आधी, विरायच्या आधी जी गोळा करावी लागते ती. कोथिंबिरीच्या जुडीसारखी, आज घेतली तर घेतली. मला त्या शब्दात तेव्हा काही खटकलं नाही. उलट पटलंच. टीव्हीवर तीच मोडकी दुकानं पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि मी आवाज बंद करून अर्ज लिहीत होते. लिहिताना मला चांगला हुरूप आला होता, हे आज कबूल करते.

निधी मंजूर झाला. माझा भाऊ फोनवर म्हणाला, एकाची जळते दाढी आणि दुसरा त्यावर पेटवतो विडी. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. राग अशासाठी की त्यात थोडं खरं होतं, आणि थोडं अजिबात खरं नव्हतं. चौकात कॅमेरे बसवायला पैसे निघतात, स्मारकाच्या दगडाला निघतात. माणसं नंतर झोपतात कशी, जेवतात कशी, हे विचारायला जाणाऱ्याच्या पेट्रोलला मात्र कुणी हात ढिला सोडत नाही. कधी नव्हे तो कुणी सोडला होता. तो नसता तर मी त्या ओट्यापर्यंत पोचलेच नसते. हे मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

आमच्या अर्जात माणसांचे दोन गट होते. स्फोटाच्या जागी जे हजर होते ते 'प्रत्यक्ष बाधित'. बाकीचे 'अप्रत्यक्ष बाधित'. मुठा खोऱ्यातल्या ताराबाईंचा नवरा दत्तू त्या स्फोटात गेला. तो भाड्याची गाडी चालवायचा. शनिवार-रविवार लवासाच्या फेऱ्या, एरवी मिळेल ते भाडं. त्या दिवशी भुकूमच्या एका कुटुंबाला घेऊन तो त्या शहरात गेला होता. ताराबाई मात्र त्या वेळी घरी होत्या, म्हणून आमच्या कागदावर त्या अप्रत्यक्ष. हे मी त्यांना कधी वाचून दाखवलं नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा आश्विन लागला होता. पिरंगुटहून डावीकडे वळलं की रस्ता हळूहळू शहर विसरतो. दोन्ही बाजूंना लोंब्या जड होऊन वाकलेल्या, त्यांच्यावर दुपारचं पिवळं ऊन आणि मध्येच एखादा ढग सावली ओढत चाललेला. मी काच खाली करून इतकी हळू चालले होते की मागच्या लवासाकडे निघालेल्या गाड्या हॉर्न वाजवून वैतागल्या. त्या दिवसांत मला पोचायची घाई असायची आणि पोचू नये असंही वाटायचं.

ताराबाई चाळिशीच्या. काटक, कमी बोलणाऱ्या. मी अभ्यासाला आले म्हटल्यावर, या वयात कसली परीक्षा देताय, असं त्यांनी विचारलं आणि चटई टाकली. मी प्रश्नावली काढली. झोप, भीती, भूक. प्रत्येकापुढे पाच चौकटी, कधीच नाही पासून नेहमीपर्यंत. झोपेचं झालं, भीतीचं झालं. मग मी विचारलं, भूक कमी झाली आहे का?

"भूक लागती की," त्या म्हणाल्या. "लई लागती. जेवत न्हाई."

मी पाचही चौकटींवरून पेन फिरवलं. भूक लागते आणि जेवत नाही, याला आमच्याकडे जागा नव्हती. मग हळूहळू कळलं ते असं. सकाळी भाकरीचा तुकडा त्या खायच्या, संध्याकाळी खायच्या. दुपारचं जेवण त्या दिवसापासून बंद. स्फोट दुपारी झाला होता. नवरा जेवला होता की उपाशी होता हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत दुपारचा घास घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं म्हणणंही बरोबर नाही. घास उतरतच नाही, म्हणाल्या. चौकशीला आलेल्या साहेबाला त्यांनी विचारलं होतं. त्यानं बाकी सगळं लिहून घेतलं, हे घेतलं नाही.

"तुमी समद्यांशी बोलताया," त्या मला म्हणाल्या. "कुणाला तरी ठावं आसंल. मालक जेवलं व्हतं का, येवढंच इचारा."

मी हो म्हणाले. प्रश्न साधा वाटला मला.

मग कापणी लागली. त्या दिवसांची आठवण मला सलग येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येते. विळ्यांचा चर्र चर्र आवाज, सगळ्यांचा मिळून एकच. बायकांच्या पाठी धुक्यातून वर येणाऱ्या आणि पुन्हा बुडणाऱ्या. खळ्यावर भात झोडताना उडणारा बारीक धुरळा, उन्हात तो सोनेरी दिसायचा आणि अंगाला लागला की आग व्हायची. इंद्रायणी वाणाचा ताजा तांदूळ तोंडात टाकला तर दुधाळ लागायचा. मी पेंढ्याला टेकून बसायची आणि वही मांडीवर मिटलेली असायची. आणि या सगळ्याच्या मध्ये, भर दुपारी, बाकीच्या बायका भाकऱ्या सोडून बसल्या की ताराबाई उठून बैलांना पाणी दाखवायला जायच्या. एकदा विळा हातातून गळला आणि त्या बांधावरच बसल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. दुसऱ्यांदा आडव्याच झाल्या. जावेनं तोंडावर पाणी मारलं, गुळाचा खडा पुढे केला. त्यांनी तोंड फिरवलं. सूर्य कलेपर्यंत त्यांनी तो खडा हातातच धरून ठेवला.

आणि त्याच आठवड्यात मला उत्तर मिळालं.

भुकूमचं ते कुटुंब माझ्यापासून दोन इमारती सोडून राहत होतं. संदेश, तिशीतला, अमरावतीकडचा, हिंजवडीला नोकरी. बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला आई-वडिलांना घेऊन गेला होता. ते तिघं दुकानात आत होते म्हणून वाचले. दत्तू बाहेर गाडीजवळ होता. संदेश 'प्रत्यक्ष बाधित'. मी त्याच्यापुढे संमतीपत्र ठेवलं. तुम्ही सांगाल ते कुणालाही सांगितलं जाणार नाही, हे वाक्य मी स्वतः वाचून दाखवलं. त्यानं सही केली. रेकॉर्डरचा लाल दिवा लागला. बराच वेळ तो ऑफिसमधल्यासारखं मुद्देसूद बोलत राहिला, मग थांबला.

"ड्रायव्हर दादा आत आले होते मॅडम, दुकानात," तो म्हणाला. "म्हणाले, सर, जेवून येऊ का. मी म्हटलं, दहा मिनिट थांबा, आई थकलीय, आम्ही आलोच. खानावळ दोन गल्ल्या सोडून होती. ॲक्चुअली, फक्त दहा मिनिट."

मग तो 'दहा मिनिट' एवढंच म्हणत राहिला. दत्तूचं नावसुद्धा त्याला दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून कळलं होतं. हे त्यानं घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. जेवला नव्हता. ताराबाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या समोरच्या टेबलावर पडलं होतं आणि ते उचलायची मला मुभा नव्हती.

संशोधनातली नीती बघणाऱ्या आमच्या समितीला मी विचारलं. एकाचं बोलणं दुसऱ्याला द्यायचं नाही, त्यांनी सांगितलं. बरोबरच सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर हेच सांगितलं असतं. पण पिरंगुटहून डावीकडे वळलं की मी एक वाक्य घोळवायला लागायची. हो ताराबाई, जेवले होते. इतकं सोपं. त्यात संदेशचं बोलणंही बाहेर जात नव्हतं, कारण ते खोटं होतं. खोटं बोलायला कुणाची संमती लागत नाही. ताराबाई दर खेपेला एकदाच विचारायच्या, काय कळलं का? मी मान हलवायची. घरी आले की दुपारी माझ्याही घशाखाली काही उतरत नसे, आणि ते खोटं आपण बोलत नाही हा आपला प्रामाणिकपणा आहे की भित्रेपणा, हे मला ठरवता येत नसे.

शेवटी मी संदेशकडे गेले. कुणाचं नाव घेतलं नाही. ड्रायव्हर जेवले होते का एवढंच एका व्यक्तीला जाणून घ्यायचंय, ते कळवण्याची परवानगी द्याल का, असं विचारलं. त्यानं दार उघडंच ठेवलं होतं. ते त्यानं हळूच लावून घेतलं. नंतर माझे फोन घेईना. लिफ्टमध्ये दिसला तर जिन्यानं जायचा. मला त्याच्यापेक्षा कॅलेंडरचीच काळजी जास्त होती. निधीची मुदत संपत आली होती आणि अहवालातली मधली प्रकरणं रिकामी होती.

कार्तिक संपता संपता एकदा मी ताराबाईंच्या मागे त्यांच्या खाचरात गेले. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर तिथे वाल पेरतात. आभाळ स्वच्छ, माती काळी, थोडी चकाकणारी. मी चालता चालता सुचवलं की आज आपण स्फोटाच्या दिवसाबद्दल सुरुवातीपासून बोलू या का, माझं थोडं राहिलंय. त्या वाकल्या. मूठभर माती उचलून त्यांनी आवळली आणि खाली सोडली. मातीचा मुटका झाला आणि तसाच पडला, फुटला नाही.

"अजून वाफसा न्हाई," त्या म्हणाल्या. "वल्ल्यात औत घातलं की वरीसभर ढेकळं फोडीत बसावं लागतं बाई."

त्या जमिनीबद्दल बोलत होत्या की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही. शब्द मला माहीत होता. पाऊस उघडल्यावर वडील शेताच्या कडेला उभे राहायचे आणि आम्हाला आत पाऊल टाकू द्यायचे नाहीत. पाणी ओसरलं पाहिजे, पण ओल राहिली पाहिजे. लवकर गेलात तर चिखल, उशिरा गेलात तर दगड. मधल्या थोड्या दिवसांना वाफसा म्हणतात आणि तो तारखेनं येत नाही. शेतकऱ्याच्या मुलीला हे कुणी शिकवायला नको होतं. मी मात्र वल्ल्यातच औत घालून दोन माणसांची रानं तुडवत होते. खूप लाज वाटली. त्याच आठवड्यात मी मुदत वाढवून मागितली. उत्तर सभ्य होतं. निधी तातडीचा असल्यामुळे ते शक्य नाही.

मग मी विचारायचं सोडलं. वही नेणंही सोडलं. मार्गशीर्षात जायची ती बियाणं निवडायला. सुपातले किडके वाल बाजूला काढायचे, चांगले खाली टाकायचे. धुकं दहा वाजेपर्यंत उठायचं नाही. टेमघरच्या बाजूनं गार वारा यायचा आणि आमच्या दोघींच्या मध्ये वालांचा टपटप आवाज. ताराबाईंचे गाल बसले होते. त्यांनीही विचारणं सोडलं होतं, आणि ते मला विचारण्यापेक्षा जड जात होतं.

एका रविवारी सकाळी संदेशनं माझी बेल वाजवली. दाढी वाढलेली. आत न येताच म्हणाला, "ते विचारणाऱ्या त्यांच्या मिसेस आहेत ना?"

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. तो म्हणाला, मला घेऊन चला, तुम्ही काही सांगू नका, मीच सांगतो. मी दुसऱ्या दिवशी जाऊन ताराबाईंना विचारलं, त्या गाडीतलं एक माणूस भेटायला येऊ म्हणतंय. "येऊ द्या की," त्या म्हणाल्या. अशा भेटीसाठी आमच्याकडे कुठलंच संमतीपत्र नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं उठून लख्ख ऊन पडलं होतं. खाचरात वालाची दोन-दोन पानं वर आली होती. संदेश ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला, वर बस म्हटलं तरी बसला नाही. मी रेकॉर्डर गाडीतच ठेवला होता.

"ताई, ते जेवले नव्हते," तो म्हणाला. "जेवून येऊ का म्हणून विचारायला आले होते. मी थांबवलं त्यांना."

ताराबाईंनी पदर सावरून त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या ओरडतील. किंवा उठून जातील. संदेशलाही तेच वाटत असावं, कारण त्यानं खांदे आवळून घेतले होते.

"जेवून येऊ का, आसं म्हणलं?" त्यांनी विचारलं. "सोताच्या तोंडानं?"

तो हो म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं, कसं म्हणलं, रागानं का? नाही, तो म्हणाला, हसून म्हणाले. खूप भूक लागलीय म्हणाले.

मग ताराबाई बोलल्या. इतक्या महिन्यांत माझ्याशी बोलल्या नव्हत्या तेवढ्या. त्या दिवशी खाचरातलं तण काढायचं ठरलं होतं, दत्तूनं घरी राहायचं कबूल केलं होतं, आणि ऐन वेळी भाडं आलं म्हणून तो निघाला. भांडण झालं. गाडी काढलीत तर डबा नाही, असं त्या म्हणाल्या आणि खरंच त्यांनी डबा दिला नाही. तो काही न बोलता गेला. तसा तो शांत माणूस, पण रागावला की अन्नाला शिवायचा नाही. एकेकदा दोन-दोन दिवस. घरचंच नाही, बाहेरचंही नाही.

"म्या म्हणलं, माझ्यावरचा राग अन्नावर काढला आसंल," त्या म्हणाल्या. "तसंच गेलं आसत्याल, राग धरून. भूक लागली म्हणलं म्हंजी राग गेला व्हता."

संदेशला आधी काही कळलंच नाही. त्याचं सगळं लक्ष त्या दहा मिनिटांवर होतं आणि ताराबाईंना त्या दहा मिनिटांच्या अलीकडचं एकच वाक्य हवं होतं. मला मात्र माझं ते खोटं वाक्य आठवलं. जेवले होते, असं मी सांगितलं असतं, तर तेवढ्यानं त्या जेवल्याही असत्या. पण दत्तूनं जेवण हसत मागितलं होतं, हे त्यांना जन्मात कळलं नसतं.

संदेश रडायला लागला. ताराबाईंनी त्याला गप्प केलं नाही, जवळही घेतलं नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "गिऱ्हाईक थांब म्हणलं की डायवरला थांबावंच लागतं दादा. म्या तर उपाशी धाडला व्हता." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यानंही ते मागितलं नाही.

ही भेट आमच्या अहवालात नाही. मुदत संपल्या दिवशी मी तो पाठवला, मधली प्रकरणं तशीच तोकडी ठेवून. निष्कर्ष अपुरे आहेत, असा शेरा आला. अपुरे होतेच. कुठल्या प्रकरणात घालणार होते मी ते? स्फोटानंतर चार महिन्यांनी, ऊन डोक्यावर असताना, संदेश पायरीवर डोळे पुसत होता आणि ताराबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या एकच ताट घेऊन. ताटात भात होता, वर वालाची आमटी. ज्या घरात पाहुण्याला विचारल्याशिवाय कुणी पाणीही पीत नाही, त्या घरात त्यांनी आम्हाला बसा म्हटलं नाही. उंबऱ्यातच टेकल्या, आणि आमच्या देखत, आमच्या आधी, दुपारच्या जेवल्या.